ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस कां ओढते?

ब्रेक दाबतांच गाडी डावीकडे ओढूं लागली, तर दोष डाव्याच चाकाचा असें समजूं नये. जुन्या अँबॅसिडर गाडीस ड्रम-ब्रेक असत. उजव्या चाकाच्या लायनरवर ब्रेक-ऑइल झिरपलें कीं त्याची पकड सुटते, व गाडी पकड शाबूत असलेल्या डाव्या बाजूस वळते. म्हणून प्रथम पुढील दोन्ही टायरांतील हवा सारखी करावी. नंतर मोकळ्या रस्त्यावर पांच-सहा वेळां ब्रेक लावून थांबावें व चाकांजवळ हात नेऊन ऊब पाहावी. ड्रमला स्पर्श करूं नये. जें चाक थंड, त्याचा ब्रेक दुबळा.

दोन्ही सारखींच तापलीं असल्यास बुश तपासावे. चाक धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांत बसविलेलें रबर म्हणजे बुश. तो झिजला म्हणजे ब्रेक लागतांच चाक किंचित् मागें सरकतें, ठोका ऐकूं येतो व स्टिअरिंग हिसका देतें. सपाट जागीं एकानें ब्रेक धरावा, दुसऱ्यानें गाडी पुढेंमागें ढकलावी व तिसऱ्यानें बाजूस वाकून सांधा पाहावा.

कित्येक जण चांगला ब्रेक ढिला करून ओढ घालवितात. गाडी सरळ जाते खरी. परंतु आतां दोन्ही ब्रेक दुबळे झालेले असतात! लक्षण झांकणें म्हणजे दोष काढणें नव्हे.