रात्री तीनची काळजी

प्रश्न : वय ५२. रात्री साडेदहाला पाठ टेकली की झोप लागते, पण तीनच्या सुमारास टक्क जाग येते. मग मुलीचं लग्न, घराचे हप्ते, दुखरा गुडघा, इतकंच काय, १९९३ साली एका मित्राला तोडून बोललो होतो तेही आठवतं. सकाळी चहा घेताना यातलं काहीच एवढं मोठं वाटत नाही. मग रात्री तीनलाच असं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी थोडं गणित. आपली झोप सलग नसते, तिची आवर्तनं असतात. एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं, आणि प्रत्येकाच्या शेवटी आपण क्षणभर वर येतो, कूस बदलतो, परत बुडतो. सकाळी ते आठवतही नाही. साडेदहाला झोपलात तर तिसरं आवर्तन संपतं तीनला! गाढ झोपेचा मोठा वाटा तोवर वसूल झालेला असतो, पुढची झोप हलकी आणि स्वप्नांची. म्हणजे जाग येणं हा बिघाड नाही. पंचविशीत ती तुमच्या गावीही नसायची. वय वाढलं, झोप पातळ झाली, म्हणून आता कळते.

पण काळज्या एवढ्या फुगतात का? शरीराचं तापमान पहाटेच्या सुमारास सर्वांत खाली असतं आणि मनाचा उत्साहही त्याच्याबरोबर उतरलेला असतो. त्यात अंधार, शेजारचा माणूस घोरतोय, बँक बंद, डॉक्टर झोपलेले, लग्नाचं ज्यांच्याशी बोलायचं ते व्याहीसुद्धा झोपलेले. काही करता येत नाही, फक्त विचार करता येतो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण ज्याला सुचली, तो बहुधा अशाच वेळी आढ्याकडे बघत पडला असावा.

मीही या तीनवाल्यांपैकीच. कित्येक वर्षं माझा समज होता की त्या वेळी मन खरं बोलतं, दिवसा आपण स्वतःला फसवतो. आता वाटतं, उलट आहे. रात्री तीनला सुचलेला एकही निर्णय मला सकाळी धड वाटलेला नाही, आणि त्यात नोकरी सोडण्याचे निदान चार होते.

करायचं काय? घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा. ‘आता तीनच तास उरले’ हा हिशेबच झोप उडवतो. मोबाइल तर नकोच. वीसेक मिनिटं गेली तरी डोळा लागला नाही, असं वाटलं तर सरळ उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत या. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलेली ही युक्ती निद्रानाशाच्या उपचारात आजही वापरतात. अंथरूण आणि तळमळ यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढाच तिचा अर्थ.

दुसरी युक्ती झोपण्याआधीची. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ सालच्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग लहान, माणसं तरुण, आणि प्रश्न झोप लागण्याचा होता, मोडण्याचा नव्हे. तरी कागदाला खर्च तो काय! ‘हप्ते’ असं मोघम नको, ‘सोमवारी बँकेत जाऊन व्याजदर विचारणे’ असं लिहा.

रोज लघवीसाठी उठावं लागत असेल, जोरात घोरत असाल किंवा रात्री ‘थोडी’ घेत असाल, तर मात्र कारण तिकडे शोधा.

सकाळच्या चहाबरोबर हलकं वाटतं, हे तुमच्या पत्रातलं सर्वांत दिलासा देणारं वाक्य. नैराश्यातही पहाटे लवकर जाग येते, पण त्यात सकाळच अनेकदा सर्वांत जड असते आणि चहालाही चव लागत नाही. तसं दोन आठवडे राहिलं तर डॉक्टरांकडे जा. रात्रीच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही.

राहिला तो १९९३चा मित्र. नंबर असेल तर त्याला फोन लावा. तीनलाच लावा हवं तर, दुपारच्या.