पोस्त वसुबारसेच्या आधी

मृणाल,

नव्या घरातली तुझी पहिली दिवाळी. कुणाला काय द्यायचं ते मी कसं ठरवते, असं तू परवा फोनवर विचारलंस. मी सांगायला घेतलं आणि तुझी मीटिंग सुरू झाली. म्हणून आता सविस्तर लिहिते. काही आमच्या सासूबाईंनी मला सांगितलं, काही मी वाचनालयात नोकरी करताना शिकले. जे पटेल ते घे.

खरेदीची यादी करण्याआधी माणसांची यादी कर. सासूबाई कोजागरी झाली की दुसऱ्या दिवशी एक लांबट वही घेऊन बसायच्या. डाव्या पानावर माणसाचं नाव, उजव्या पानावर त्यानं वर्षभरात आपल्यासाठी काय केलं ते. ‘मदत केली’ असलं मोघम त्यांना चालायचं नाही. एक नोंद अशी आहे: ‘नळवाले. गौरीजेवणाच्या दिवशी रात्री आले, पैसे दुसऱ्या दिवशी घेतले.’ दुसरी: ‘समोरच्या वहिनी. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन्ही वेळचा डबा, अळणी न विसरता.’ एका पानावर एस. टी.च्या कंडक्टरची नोंद आहे, विसरलेली छत्री जपून ठेवून परत दिल्याबद्दल. त्याचं नाव माहीत नव्हतं, तर सासूबाईंनी नावाच्या जागी गाडीची वेळ लिहून ठेवली होती. पाडव्याच्या दिवशी त्या लाडवांची पुडी घेऊन स्टँडवर गेल्या होत्या.

अशी यादी केली नाही की काय होतं, सांगते. ज्यांनी गेल्या वर्षी आपल्याला दिलं त्यांनाच आपण देतो. तुझ्या सोसायटीत तू बघशीलच, सुक्या मेव्याचे डबे या दारातून त्या दारात फिरत असतात आणि सेलोटेप कुणीच काढत नाही. त्याला माझी हरकत नाही, शेजारधर्म तोही आहे. पण ज्यांच्यामुळे आपलं वर्ष निभावलं ती माणसं त्या फेऱ्यात येतच नाहीत.

आता पोस्त. कामवाल्या मावशी, घंटागाडीवरची माणसं, जिना झाडणारी बाई, वॉचमन, पेपर टाकणारा मुलगा, पोस्टमन. पोस्त वसुबारसेच्या आधी द्यायची. आधीच्या आठवड्यात दिलीस तर फारच उत्तम. पाडव्याला ओवाळून झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, पाकीट शोधून दिलेल्या पोस्तेचा त्यांना काय उपयोग? त्यांच्याही घरी किराणा भरायचा असतो, पोरांना कपडे घ्यायचे असतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर बाजार सगळ्यांनाच महाग असतो. घरात काम करणाऱ्या बाईंना एका महिन्याचा पगार वर द्यावा, असं मी मानते. तेवढं जमणार नसेल तर किती देणार ते आधी सांगून टाक, म्हणजे त्यांना हिशेब करता येतो. पैशाऐवजी फराळ नको. पैसे द्यायचे आणि वर फराळ द्यायचा. आणि दिवाळीच्या नावाखाली जुनी साडी कधीही देऊ नकोस. जुने कपडे द्यायचेच असतील तर एरवी दे, धुऊन, बटणं लावून, आणि हवेत का ते विचारून.

सुट्ट्या कोऱ्या नोटा बँकेत शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत, आधीच आणून ठेव. पाकिटावर त्या माणसाचं नाव लिही. वॉचमनच्या पाकिटावर ‘वॉचमन’ लिहायचं नाही. नाव माहीत नसेल तर विचार, त्यात लाज कसली? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणाची ड्यूटी आहे तेही विचारून ठेव. सगळा जिना पणत्यांनी उजळलेला असतो आणि फाटकावरचा माणूस आपल्या घरापासून लांब खुर्चीवर बसलेला असतो. त्याचा डबा त्याच संध्याकाळी गेला पाहिजे.

डब्याचं थोडं. चकली पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, वाफ धरली की मऊ पडते. रव्याच्या लाडवात पाक असतो, म्हणून तो चकलीशेजारी ठेवायचा नाही, ओलावा चकली ओढून घेते. चिवडा वेगळ्या पिशवीत. करंज्या सगळ्यात वर, नाहीतर पोचेपर्यंत सारणच उरतं. गोड चालत नाही अशा घरी कडबोळी आणि चिवडा जास्त घाल, पण एखादा लाडू असू दे. घरात नातवंडं असतात. कुणाचा डबा आपल्याकडे आला तर तो रिकामा परत करू नये, हे तुला तुझ्या आईनं सांगितलं असेलच.

ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल त्या घरी कढई चढत नाही. तिथे आपण न्यायचं. मुलांच्या हातून पाठवू नकोस, स्वतः जा. शक्यतो नरकचतुर्दशीच्या आधीच जा, कारण पहाटे उठून उटणं लावायची ती वेळ त्या घराला सगळ्यात जड जाते. रांगोळी का नाही काढली, आकाशकंदील का नाही लावला, असं काही विचारायचं नाही. गेलेल्या माणसाची एखादी आठवण असेल तर सांग, अगदी साधी असली तरी चालते. ते दुकानातून उधारी कशी टिपून आणत, त्यांना कुठली भाजी आवडायची नाही. घरच्यांना तेच ऐकायचं असतं आणि बाकीचे सगळे जपून बोलत असतात. या घरून डबा रिकामा परत आला तर आत बघूसुद्धा नकोस.

संस्थांना द्यायचं असेल तर एक लक्षात ठेव. दिवाळीच्या आठवड्यात वृद्धाश्रम आणि बालगृहं फराळानं ओसंडून वाहतात. लोक येतात, डबे देतात, फोटो काढतात, जातात. पुढे पौष-माघात तिकडे कुणी फिरकत नाही. तेव्हा दिवाळीत फक्त फोन कर आणि काय लागतं ते विचारून टिपून घे. उत्तरं बहुतेक साधी असतात: मोठ्यांचे डायपर, गरम पाण्याच्या पिशव्या, चष्म्याचे नवे नंबर. संक्रांतीनंतर त्यातलं जमेल ते घेऊन जा. आणि जाताना एखादा दिवाळी अंक पिशवीत टाक. बारीक टाइप तिथल्या बऱ्याच जणांना दिसत नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर वाचलंय त्यांना हे फार लागतं. एखादी विनोदी कथा मोठ्यानं वाचून दाखव. सावकाश वाच, शेवटची खुर्ची लांब असते.

पैसेच द्यायचे तर आपल्याकडची एक जुनी रीत मला आवडते. महर्षी कर्व्यांनी 1896 साली सुरू केलेल्या हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी. भावानं बहिणीच्या ताटात ओवाळणी घालावी, तशी मुलींच्या शिक्षणासाठी घरोघरी ही ओवाळणी गोळा होत आली. आमच्याकडे संस्थेच्या कार्यकर्त्या बाई पावतीपुस्तक घेऊन यायच्या. सासरे त्यांना आत बोलावून पाटावर बसवायचे आणि पैसे हातात न देता ताटात ठेवायचे. दारात उभं राहून, सुटे शोधत दिलेले पैसेही तेवढेच असतात म्हणा. पण मला ती रीत आवडायची.

आता माझा प्रांत. दिवाळी अंक.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तो मराठीतला पहिला दिवाळी अंक मानतात. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक बघून ही कल्पना सुचली, असं सांगतात. तेव्हापासून आपल्याकडे फराळाबरोबर अंक आला. आता एकेका अंकाची किंमत तीनशे-चारशेच्या घरात गेलीय, सगळे घेणं कुणालाच परवडत नाही. म्हणून दोन विकत घे आणि बाकीच्यांसाठी घराजवळच्या वाचनालयात दिवाळी अंक योजनेत नाव घाल. ठरावीक रक्कम भरायची, अंक बदलून नेत राहायचं. इथे माझ्या नोकरीतला अनुभव सांगते: पहिल्या पंधरवड्यात सगळे ‘मौज’ आणि ‘हंस’साठी रांग लावतात. तू तेव्हा छोट्या गावांतून निघणारे, जिल्ह्याच्या ठिकाणचे अंक ने. नवे लिहिणारे तिथेच सापडतात. मोठे अंक जानेवारीत टेबलावर निवांत पडलेले असतात, चहा सांडलेल्या डागासकट.

विकत घ्यायच्या दोनांपैकी एक स्वतःसाठी घे, एक दुसऱ्यासाठी. कुणासाठी, ते आधी ठरव, मग अंक निवड. ‘मराठी माणूस आहे, कुठलाही चालेल’ म्हणून घेतलेला अंक टीपॉयखाली जातो. तुझ्या सासऱ्यांना मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ची आठवण नक्की असेल. तो 1951 पासूनचा, त्यातल्या खिडकी-चित्रांसाठी अख्ख्या पिढीनं तो घरात लपवून वाचला. तो त्यांच्या हातात ठेव आणि चेहरा बघ. तुझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी सहावीत आहे म्हणालीस, तिला बालभारतीचं ‘किशोर’ दे. 1971 पासून निघतंय, स्वस्त आहे, आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, ते तिच्या आईच्या फोनवर उघडून दाखव. त्याहून चांगलं म्हणजे तिला दुकानात घेऊन जा आणि काय हवं ते तिला निवडू दे. तिनं भुताच्या गोष्टी उचलल्या तरी गप्प बस. पहिलं विकत घेतलेलं पुस्तक भुताचं असेल तर दुसरं पुस्तक ती स्वतः मागते, हे मी काउंटरवर बसून पाहिलंय.

आणि वाचनालयाला पुस्तकं द्यायची असतील तर घर आवरताना निघालेली रद्दी नको, ही एका जुन्या ग्रंथपालाची कळकळीची विनंती समज. दिवाळीआधी आमच्या दारात पोती यायची: दहावीची गाइडं, वाळवी लागलेले खंड, कुठल्या तरी कंपनीच्या डायऱ्या. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याखाली अ, ब, क, ड अशी वाचनालयांची वर्गवारी झाली. त्यातल्या ड वर्गातल्या गावच्या वाचनालयाला अनुदान थोडं आणि कपाटं त्याहून थोडी. त्यांना नवी बालपुस्तकं हवी असतात, स्पर्धा परीक्षेची चालू वर्षाची पुस्तकं हवी असतात. यादी मागून घे. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहिताना दाखल क्रमांकाला आणि शिक्क्याला जागा सोड. लोक सबंध पान भरून आशीर्वाद लिहितात, मग आम्ही शिक्का मारायचा कुठे?

उरलं लिहिणं. भाऊबीज झाली की घर एकदम शांत होतं, तेव्हा बस. पणतीची चित्रं शंभर जणांना एका बोटानं पाठवलीस तरी हरकत नाही, पण चार पत्रं हातानं लिही. पोस्टकार्ड अजून 50 पैशांना मिळतं. मोठ्यांच्या नावाआधी नुसतं ‘स्व.’ लिहायची चूक करू नकोस गं, ते गेलेल्यांसाठी असतं. आमच्या वाचनालयात एका वाचकानं अध्यक्षांनाच तसं पत्र धाडलं होतं आणि अध्यक्षांनी ते फ्रेम करून लावलं. साधं ‘सा. न. वि. वि.’ पुरतं. एक पत्र शाळेतल्या बाईंना लिही. ‘तुमच्यामुळे घडले’ असं लिहू नकोस, ते त्या निरोप समारंभात ऐकून थकल्यात. त्यांनी कुठल्या तासाला काय केलं आणि ते तुला आज कुठे उपयोगी पडलं, ते लिही.

एक पत्र दिवाळी अंकातल्या लेखकाला लिही. पत्ता नसला तर संपादकांमार्फत पाठव, पोचतं. ‘कथा आवडली’ एवढ्यानं त्याला काहीच कळत नाही. कुठल्या पानाशी थांबलीस, कुठलं पात्र ओळखीचं वाटलं, कुठे कंटाळा आला, हे लिही. स्वतःच्या कविता सोबत जोडू नकोस आणि प्रस्तावना मागू नकोस. वाचणाऱ्यानं लिहिणाऱ्याला किती मोकळेपणानं लिहावं हे बघायचं असेल तर सुनीताबाई देशपांड्यांनी जी. ए. कुलकर्णींना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आहेत, ती वाच. मात्र पहिलंच पत्र तसं लांबलचक लिहायला जाऊ नकोस, एक पान बस झालं. तारीख आणि आपला पत्ता वर स्पष्ट लिही, पिन कोडसकट.

उत्तर येईलच असं नाही. लेखक आळशी असतात, शिवाय काहींना काय लिहावं ते सुचत नाही. आठवणीचं दुसरं पत्र धाडू नकोस. पुढच्या दिवाळीत त्याच लेखकाचं काही आवडलं, तर पुन्हा नव्यानं लिही.

तुझी,
मावशी