मिठाच्या पाण्याचा घरगुती जलतरण तलाव : समज, शास्त्र आणि निगा

घराच्या अंगणात स्वतःचा जलतरण तलाव असणे ही एकेकाळी संस्थानिकांची चैन मानली जाई. आज गोव्यातील बंगल्यांत, अलिबाग-लोणावळ्याच्या फार्महाऊसमध्ये असे तलाव दिसू लागले आहेत. त्यांतील काही ‘मिठाच्या पाण्याचे’ असतात. ऑस्ट्रेलियात ही पद्धत घरगुती तलावांसाठी चांगलीच रुळलेली आहे. या तलावात क्लोरीन नसते आणि एकदा मीठ घातले की देखभालीची कटकट संपते, असा समज मात्र सर्रास आढळतो. या समजावर विसंबून राहणाऱ्याच्या वाट्याला पुढे हिरवे पाणी, गंजलेली शिडी आणि अनपेक्षित खर्च येतो. म्हणूनच तलाव बांधण्यापूर्वी त्यामागील शास्त्र जाणून घेणे हिताचे ठरते.

मिठातून क्लोरीन

मिठाच्या पाण्याचा तलाव हा वस्तुतः क्लोरीनचाच तलाव होय. फरक एवढाच, की क्लोरीन डब्यातून न येता जागेवरच तयार होतो. गाळणयंत्रातून परतणारे पाणी एका विद्युत-घटातून जाते. या घटात विशिष्ट धातूंच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यांतून वीजप्रवाह सोडला की मिठाचे विघटन होऊन क्लोरीन निर्माण होतो, तो पाण्यात विरघळतो आणि जंतू व शेवाळ नष्ट करतो. हे कार्य झाल्यावर त्याचे पुन्हा मिठातील क्लोराइडमध्ये रूपांतर होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मीठ हे मुद्दल आहे. ते कायम राहते आणि त्यावर क्लोरीनची नित्य प्राप्ती होत असते.

हे पाणी समुद्राइतके खारट नसते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तलावात यंत्राच्या प्रकारानुसार ३ ते ६ ग्रॅम मीठ पुरते. माणसाच्या अश्रूंतील मिठाचे प्रमाणही सुमारे ९ ग्रॅम असते. त्यामुळे हे पाणी डोळ्यांना सौम्य वाटते. डोळे चुरचुरणे आणि ‘क्लोरीनचा’ उग्र वास हे बहुधा घाम व मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनमुळे घडते. तेव्हा असा वास क्लोरीन जास्त झाल्याची नव्हे, तर तो अपुरा पडत असल्याची खूण समजावी.

एका तलावाचा हिशेब

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. लिटरला ४ ग्रॅम या प्रमाणाने त्यास १८० किलो, म्हणजे २५ किलोच्या साधारण सात गोण्या मीठ लागेल. हे मीठ शुद्ध आणि आयोडीनविरहित असावे. मीठ टाकल्यावर ते पूर्ण विरघळेपर्यंत पंप चालू आणि घट बंद ठेवावा.

यंत्राची निवडही हिशेबानेच करावी. या तलावाला दिवसाकाठी लिटरमागे २ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन लागतो असे धरल्यास गरज ९० ते १३५ ग्रॅमची होते. तासाला १५ ग्रॅम क्लोरीन देणारे यंत्र आठ तासांत १२० ग्रॅम देईल. उन्हाळ्यात किंवा पाहुण्यांच्या गर्दीत ते अपुरे पडू शकते. म्हणून थोडी अधिक क्षमता घेणे शहाणपणाचे.

नित्याची निगा

पाण्याची परीक्षा आठवड्यातून किमान एकदा, उन्हाळ्यात दोनदा करावी. मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. या पद्धतीत पीएच आपोआप वर चढत राहतो. तो ७.५ असताना क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग प्रभावी रूपात असतो. ८ झाल्यावर जेमतेम एक चतुर्थांश उरतो. म्हणजे यंत्र चालू असूनही पाणी असुरक्षित होऊ शकते. अशा वेळी मोजून हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. ते सौम्य करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये. भारतातील कडक उन्हात क्लोरीन काही तासांतच नष्ट होतो. त्याला आळा घालण्यासाठी सायन्युरिक आम्ल ठरावीक प्रमाणात लागते.

दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी कूपनलिकेचे पाणी जड असते. अशा पाण्यामुळे घटाच्या पट्ट्यांवर चुन्याचा थर बसतो आणि क्लोरीनची निर्मिती मंदावते. दर तीन महिन्यांनी घट उघडून तपासावा. थर आढळल्यास तो सौम्य आम्लाने काढावा. खरवडल्यास पट्ट्यांचा मौल्यवान लेप निघून जातो.

पाऊस, ऊन आणि बाग

बाष्पीभवनाने पाणी घटते, पण मीठ जात नाही. मीठ जाते ते उसळलेल्या पाण्यातून, गाळणयंत्र धुताना आणि पावसात तलाव भरून वाहिल्याने. वरील तलावावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३,२०० लिटर पाणी येते आणि तेवढेच मिसळून बाहेर गेल्यास सुमारे १३ किलो मीठ वाहून जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. तसा पाऊस म्हणजे या तलावाच्या दोनतृतीयांश इतके पाणी! कोकणात तर पावसाळ्यानंतर मीठ मोजल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

तलावातून बाहेर पडणारे पाणी बागेत, विहिरीजवळ किंवा शेतात सोडू नये. क्षारपड जमिनीचे दुःख महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला वेगळे सांगावयास नको. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियमांनुसार त्याचा निचरा करावा. काठाला सच्छिद्र दगड वापरल्यास त्यात मिठाचे स्फटिक साचून पापुद्रे निघतात; धातूची शिडी व कठडेही गंजू शकतात.

खर्चाची तरतूद

क्लोरीनच्या डब्यांवरील खर्च वाचतो हे खरे. परंतु घटाचे आयुष्य साधारणतः ३ ते ७ वर्षांचे असते आणि यंत्रणेतील हाच सर्वांत महाग भाग आहे. पाच वर्षांचे आयुष्य गृहीत धरून त्याच्या किमतीचा पाचवा हिस्सा दरवर्षी बाजूला काढावा. उद्योजक घसाऱ्याची तरतूद करतो, तशीच ही तरतूद होय. सुमारे पाऊण किलोवॉटचा पंप रोज आठ तास चालल्यास महिन्याला १८० युनिट वीज लागते, तीही हिशेबात धरावी. तलावावर आच्छादन घातल्यास पाणी, क्लोरीन आणि वीज या तिन्हींची बचत होते.

सर्वांत आधी सुरक्षितता

घटात क्लोरीनबरोबर हायड्रोजन वायूही निर्माण होतो. म्हणून पंप थांबताच घट बंद करणारी संरक्षक यंत्रणा कधीही निकामी करू नये. अर्थिंग आणि गळतीप्रवाह तोडणारे स्विच अधिकृत वीजतंत्रज्ञाकडून बसवून घ्यावेत.

याहूनही महत्त्वाचे आहे ते कुंपण. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९९२ च्या कायद्यान्वये घरगुती तलावांभोवती कुंपण बंधनकारक आहे. ते किमान १.२ मीटर उंच असावे लागते आणि दार आपोआप बंद होणारे लागते. लहान मूल पाण्यात पडते तेव्हा आवाज होईलच असे नाही. कुंपण असले तरी प्रौढ व्यक्तीची नजर तलावावर हवीच. आणि कुंपणाविना तलाव वापरात आणणे म्हणजे सर्व सुखसोयी करून दार उघडे टाकण्यासारखे आहे.

मिठाच्या पाण्याचा तलाव सुखद आहे, सोयीचाही आहे. पण तो स्वतःची काळजी स्वतः घेत नाही. आठवड्याची दहा मिनिटे, एक नोंदवही आणि वर्षाची एक तरतूद एवढे ज्याला जमेल, त्याने तो अवश्य बांधावा. ज्याला हे जमणार नाही, त्याने पोहण्यासाठी सार्वजनिक तलावाचे सभासदत्व घेणे अधिक किफायतशीर आणि अधिक सुरक्षित ठरेल.