भाजनसंस्कार आणि पथ्याचा डबा

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. त्यांतील ‘करण’ म्हणजे संस्कार. द्रव्याच्या गुणांत पालट घडविणाऱ्या संस्कारांमध्ये जल, अग्नी, मंथन, काल यांच्याबरोबर ‘भाजन’ म्हणजे पात्र याचाही स्पष्ट निर्देश आहे. विद्यार्थिदशेत हे सर्वांनीच पाठ केलेले असते. चिकित्सालयात त्याचे स्मरण किती राहते, हा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी वमनानंतर संसर्जनक्रमावर असलेल्या एका रुग्णाला पाहण्यास मी गेलो होतो. तांदूळ जुना, पाण्याचे प्रमाण योग्य, वेळही पाळलेली. नातेवाईक खेड्यातून आलेले असल्याने पेया एका खानावळीतून सांगून करवून घेतली होती. ती आली पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला रबर बांधून, हात लावता येणार नाही इतकी गरम. खानावळवाल्याचा दोष नव्हता. पथ्याच्या कागदावर मी सर्व लिहिले होते, पात्र लिहिले नव्हते. आणि त्याच सकाळी माझ्याच चिकित्सालयात इतर रुग्णांना काढा कागदी कपातून दिला गेला होता!

कागदी कप निरुपद्रवी, हा समज आपल्यातही आहे. वास्तविक त्यास आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूर येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखविले, की अशा कपात ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे १०० मि.ली. पाणी १५ मिनिटे ठेवल्यास सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लॅस्टिककण त्यात उतरतात. त्यापासून अमुक व्याधी होतो, असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. परंतु अग्नी, काल व भाजन हे तिन्ही संस्कार येथे एकत्र येतात, हे वैद्यास तरी वेगळे सांगावयास नको.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील शेहेचाळिसाव्या अध्यायात तूप लोहपात्रात, पेया रौप्यपात्रात, फळे व भक्ष्य पदार्थ पानांवर, तापवून निवविलेले दूध ताम्रपात्रात, पाणी व पानके मातीच्या पात्रात द्यावीत असे वर्णन आहे. कांस्यपात्रात दहा दिवस राहिलेले घृत विरुद्ध मानले आहे. या वचनांचा शब्दशः आग्रह आज धरता येणार नाही. चांदीचे वाटे कोण देणार? परंतु त्यामागील विवेक स्वीकारता येतो. हल्ली तांब्याच्या बाटलीत ताक किंवा लिंबूपाणी भरून नेणारे भेटतात. आम्ल पदार्थाने तांबे सुटते आणि हृल्लास, छर्दी होऊ शकते. पितळेस कल्हई आवश्यक, आणि कल्हईवाला आता शोधावा लागतो. चिंच, ताक, आमसूल असलेले पदार्थ ॲल्युमिनियममध्येही ठेवू नयेत. नित्य व्यवहारास चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टीलच सोयीचे, असे माझे मत झाले आहे.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक व थर्माकोलच्या एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही अशा अनेक वस्तूंवर बंदी आहे. तरी गरम सांबाराची पिशवी दिसतेच. याउलट मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची. तेथे अन्न जाते आणि रिकामा डबा त्याच दिवशी घरी परततो. पात्र परत येण्याची व्यवस्था असली की पिशवीची गरजच उरत नाही.

हाच धडा घेऊन मी दोन डझन झाकणाचे डबे घेतले व भांड्यांच्या दुकानात त्यांवर चिकित्सालयाचे नाव आणि क्रमांक कोरून घेतले. प्रथम अनामत घेतली नाही, संकोच वाटला. डबे गेले ते गेलेच. अनामत सुरू केल्यावर बहुतेक परत येऊ लागले. खानावळवाल्यानेही विनातक्रार डब्यात पेया भरून दिली, कारण त्याची पिशवी वाचत होती.

आक्षेप येतो तो पाण्याचा, आणि आपल्या भागात तो खरा आहे. धनेगावच्या मांजरा धरणाचा तळ दिसला की अंबाजोगाईत भांडी घासण्याचे पाणी मोजावे लागते. अशा दिवसांत डबा प्रथम कोरडा पुसून, राखेने घासून मग थोड्या गरम पाण्याने धुवावा. झाकणाची रबरी कडी काढून धुणे आवश्यक. आंबूस वास तेथेच राहतो. कोरड्या पदार्थांसाठी बालाघाटातील पळसाची पत्रावळ आहेच. तिला पाणी लागत नाही, आणि सुश्रुतांची संमतीही आहे.

औषधी दुकानदारांसाठी एक मर्यादा सांगितली पाहिजे. उत्पादकाचे मुद्रांकित वेष्टन, त्यावरील तुकडी क्रमांक व मुदत ही औषधाची ओळख आहे. आसवारिष्टे किंवा सिद्धघृते ग्राहकाच्या बाटलीत ओतून देऊ नयेत. डब्याची व्यवस्था ताजा काढा, यूष, पेया यांपुरतीच ठेवावी. माझ्या पथ्यपत्रकात आता ‘प्रमाण’ व ‘काल’ यांच्या खाली ‘पात्र’ असा तिसरा रकाना छापला आहे.