बहिऱ्याला हलके लेखू नको

शास्त्रभाग : लेवीय १९:९-१८, निर्गम ४:१०-१६, लूक १:५७-६४, मार्क ७:३१-३७

लेवीय ह्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांना शेजारप्रीतीच्या आज्ञेमुळे परिचित आहे. प्रभू येशूने जिला दुसरी मोठी आज्ञा म्हटले, ती ह्या अध्यायाच्या अठराव्या वचनात आहे. परंतु तिच्या चारच वचने अगोदर एक लहानसे वचन आहे, आणि त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बहिऱ्याला शाप देण्यास आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवण्यास देव तेथे मनाई करतो, व लगेच आपले भय धरण्यास सांगतो. ह्या वचनाच्या पूर्वार्धाचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

हा विचार दूरच्या काळापुरता नाही. २०११च्या जनगणनेत आपल्या देशातील सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद श्रवणदोष असलेल्या म्हणून झाली. रुग्णालय, पोलीस ठाणे, न्यायालय, बँक, रेल्वे स्थानक ही सर्वांसाठी असलेली ठिकाणे होत; पण तेथे ह्या बंधुभगिनींना जी वागणूक मिळते तिच्याविषयी ह्या लहानशा वचनाला पुष्कळ सांगावयाचे आहे.

(१) 'शाप देणे' म्हणजे काय?

मूळ इब्री भाषेत येथे 'कालाल' ह्या धातूचे रूप आहे. त्याचा मूळ अर्थ 'हलके असणे' असा होतो. त्यावरून 'हलके लेखणे', 'तुच्छ मानणे' आणि पुढे 'शाप देणे' असे अर्थ निघाले. ह्याच्या विरुद्ध अर्थाचा धातू 'काबेद', म्हणजे 'जड असणे'. 'सन्मान करणे' आणि 'गौरव' हे अर्थ त्यापासून आले. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा (निर्गम २०:१२) 'काबेद'च्या रूपात आहे, तर आईबापांना शाप देणाऱ्याविषयीचा नियम (निर्गम २१:१७) 'कालाल'च्या रूपात आहे.

मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. एखाद्याच्या शब्दाला वजन आहे, असे आपणही म्हणतो. आणि ज्याला मान द्यावयाचा नाही त्याला आपण हलके लेखतो. तेव्हा ह्या आज्ञेची व्याप्ती केवळ शिवीगाळीपुरती नाही. बहिऱ्या माणसाचे वजन कमी धरू नये, त्याला मोजणीतून वगळू नये, असे ती सांगते.

परंतु बहिऱ्याचाच उल्लेख का? तुच्छतेचे शब्द तर कोणालाही लागतात. ह्याचे उत्तर त्याच्या परिस्थितीत आहे. ऐकणाऱ्याला शिवी दिली तर तो उत्तर देतो, भांडतो, चारचौघांना साक्षीला बोलावतो. बहिऱ्याला काय बोलले गेले हे कळतच नाही, म्हणून बोलणारा निर्धास्त असतो. येथेच देव आपले नाव घालतो. ज्याने ऐकले नाही त्याच्या वतीने मी ऐकले आहे, हा त्या भय धरण्याच्या आज्ञेचा आशय आहे. ज्या अपराधाची तक्रार होण्याचा संभव नाही, त्याचा साक्षी परमेश्वर स्वतः होतो.

(२) ह्या आज्ञेचे स्थान

वचनाच्या मागचापुढचा संदर्भ पाहिला म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तेरावे वचन मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये असे सांगते. पंधरावे वचन न्यायनिवाड्यात गरिबाची बाजू किंवा थोरामोठ्याची भीड धरू नये असे सांगते. पुढे पस्तिसाव्या व छत्तिसाव्या वचनांत खऱ्या मापांची व खऱ्या वजनांची आज्ञा आहे. म्हणजे बहिऱ्याविषयीची आज्ञा मजुरी आणि न्यायासन ह्यांच्या मधोमध ठेवलेली आहे. देवाने तिला भिक्षादानाच्या प्रकरणात न घालता सार्वजनिक व्यवहाराच्या प्रकरणात घातले. बहिऱ्याला त्याचा वाटा देणे ही दया नसून न्याय आहे, हे ह्यावरून स्पष्ट होते.

(३) आजच्या खिडकीपाशी

आता आपल्या अवतीभोवती पाहू. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिका नावे पुकारते. 'ओ' न देणाऱ्याचा कागद खाली सरकतो. न्यायालयात शिपाई पुकारा करतो. रेल्वे स्थानकावर गाडी दुसऱ्या फलाटावर येणार असल्याची घोषणा ध्वनिक्षेपकावरून होते, आणि कर्णबधिर प्रवासी पहिल्याच फलाटावर उभा राहतो. बँक खातेदाराची खातरजमा दूरध्वनीवरून करू पाहते. पोलिसाने मागून दिलेली हाक ज्याला ऐकू आली नाही, त्याचे न थांबणे उद्धटपणाचे समजले जाण्याचा धोका असतो. ह्यांपैकी कोणतीही व्यवस्था दुष्ट हेतूने उभारलेली नाही. मात्र येणारा प्रत्येक जण ऐकू शकतो, असे तिने गृहीत धरले आहे.

ह्या गृहीतावर माणसाच्या वागणुकीची भर पडते. खिडकीमागचा मनुष्य ओरडतो, हातवारे करून वेडावतो, 'बहिरट' म्हणून शेजाऱ्याकडे पाहून हसतो. डॉक्टर रुग्णाशी न बोलता त्याच्या भावाशी बोलतात. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेतली जाते, पण कशाला संमती दिली हे सही करणाऱ्याला नीट समजलेले नसते. पुष्कळदा आईवडिलांच्या आजाराची माहिती त्यांच्या ऐकणाऱ्या लहान मुलाकडून त्यांना सांगविली जाते. हे ओझे मुलाच्या खांद्याला पेलणारे नाही.

येथे काही गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला, मोठ्याने ओरडले की काम भागते. ओरडताना ओठांची ठेवण बिघडते, त्यामुळे समजणे उलट अवघड होते. दुसरा, ओठांवरून सर्व वाचता येते. 'प', 'ब' आणि 'म' ही अक्षरे ओठांवर जवळजवळ सारखीच दिसतात. 'पान', 'बाण' आणि 'मान' हे शब्द आरशासमोर आवाज न करता म्हणून पाहावेत, म्हणजे ह्याची प्रचिती येईल. २०२०च्या महामारीत तोंडावर मुखपट्टी आली तेव्हा एवढाही आधार उरला नाही. तिसरा, लिहून दिले की पुरे. लिहून देणे चांगलेच. तथापि भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली स्वतंत्र भाषा आहे. तिच्यात 'कोठे', 'का', 'कोण' असे प्रश्नवाचक शब्द सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतात. जिची पहिली भाषा ती आहे, तिच्यासाठी लिखित मराठी किंवा इंग्रजी ही दुसरी भाषा होय. अर्ज भरताना तिची वाक्यरचना चुकली म्हणून तिची बुद्धी कमी ठरत नाही.

(४) शास्त्रातील तीन उदाहरणे

मोशे : आपण बोलण्यात जड आहो अशी सबब मोशेने सांगितली, तेव्हा त्याने आपल्या तोंडाविषयी व जिभेविषयी जो शब्द वापरला तो 'काबेद'शी संबंधित असाच आहे. जड जिभेच्या ह्या मनुष्याला देवाने हलके लेखले नाही. मुका व बहिरा ह्यांचा निर्माणकर्ता मीच, असे त्याने सांगितले आणि अहरोनाला त्याचे तोंड म्हणून नेमले. निरोप्या मात्र मोशेच राहिला. दुभाष्याचे नेमके स्थान येथे दिसते. शब्द उच्चारणारा दुभाष्या असतो, पण ते शब्द ज्याचे, मान त्याचा. म्हणून दुभाष्या सोबत असताना आपण त्याच्याकडे नव्हे, तर कर्णबधिर व्यक्तीकडे पाहून बोलावे.

जखऱ्या : ह्याची वाचा बंद झाली होती, आणि लोकांनी त्याला खुणा करून विचारले ह्यावरून त्याला ऐकूही येत नसावे. लूकने वापरलेला 'कोफोस' हा ग्रीक शब्द बहिरा आणि मुका ह्या दोन्ही अर्थांनी येतो. नातलगांनी बाळाचे नाव परस्परच ठरविले होते. आईचा शब्दही त्यांनी मानला नाही. शेवटी त्यांनी बापाला खुणा करून विचारले. त्याने पाटी मागविली व तीवर नाव लिहिले. एका पाटीने त्या घरातील निर्णय ज्याचा होता त्याच्या हाती परत दिला. आपल्या कित्येक कार्यालयांत तेवढी पाटीही नसते.

दकापलीसमधील मनुष्य : ह्याला इतरांनी आणले आणि त्याच्यासाठी विनंतीही इतरांनीच केली. प्रभूने मात्र त्याला गर्दीतून बाजूला नेले. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी प्रभू स्पर्शाने व दृष्टीने बोलला. कानांत बोटे घालून, जिभेला स्पर्श करून, वर आकाशाकडे पाहून व उसासा टाकून आपण काय करणार व साहाय्य कोठून येणार हे त्याने त्या मनुष्याला दाखविले. 'इफ्फाथा' हा शब्द त्यानंतर आला.

वाचकहो, ह्या उताऱ्यावरील आपली प्रवचने बहुधा 'इफ्फाथा'पासून सुरू होतात. चमत्कार करणे आपल्या हाती नाही, आणि प्रत्येक कर्णबधिर बंधू चमत्काराची वाट पाहत बसलेला असतो असेही नाही. परंतु चमत्कारापूर्वी प्रभूने जे केले ते आपल्याला करता येण्यासारखे आहे. त्याने वेळ दिला, गर्दीपासून त्याची प्रतिष्ठा राखली, आणि त्या मनुष्याला समजेल अशी भाषा स्वतः स्वीकारली. अंतर तोडण्याचे कष्ट ऐकणाऱ्याने घेतले.

(५) देशाचा कायदा

आपल्या देशाने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास मान्यता दिली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला व १९ एप्रिल २०१७पासून अमलात आला. ह्या कायद्याने सांकेतिक भाषेला संपर्काचे साधन म्हणून मानले आहे. न्यायालयात साक्ष त्या व्यक्तीच्या पसंतीच्या भाषेत व साधनाने नोंदविण्याची सोय व्हावी, रुग्णालयांत दिव्यांगांना उपचारात अग्रक्रम मिळावा, अशा तरतुदी त्यात आहेत. चारचौघांदेखत दिव्यांग व्यक्तीचा मानभंग करण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमान करणे हा कलम ९२ प्रमाणे गुन्हा असून त्यास किमान सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा आहे. बहिऱ्याला हलके लेखू नये ही जुनी आज्ञा जणू देशाच्या कायद्यात उतरली आहे.

भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली नवी दिल्ली येथे स्थापन झाले. सप्टेंबर २०२३मध्ये सारा सनी ह्या कर्णबधिर वकील भगिनीने दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजात भाग घेतला. ही उत्साहवर्धक चिन्हे आहेत. पण प्रशिक्षित दुभाषे गरजेच्या मानाने फार थोडे आहेत, आणि दिल्लीत उघडलेले दार तालुक्याच्या खिडकीपर्यंत आपोआप पोहोचत नाही.

(६) मंडळीचे कर्तव्य

मुंबईत १८८०च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या पुढाकाराने मूकबधिरांसाठी संस्था सुरू झाली. हा वारसा अभिमानास्पद आहे. परंतु त्याच दशकाच्या आरंभी, १८८० साली, मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने सांकेतिक भाषा मागे सारून केवळ मौखिक पद्धत स्वीकारण्याचे ठराव केले. त्यामुळे जगभर पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात वर्गात रोखले गेले. २०१० साली व्हँकूव्हर येथील परिषदेने ते ठराव अमान्य करून खेद व्यक्त केला. मुलांचे भले इच्छिणाऱ्यांकडूनही त्यांची भाषा हलकी लेखली जाऊ शकते, हा ह्यातील धडा होय.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ जण परिचारिका, शिक्षक, रेल्वे व बँक कर्मचारी आहेत. त्यांना आजच करता येण्याजोग्या काही गोष्टी अशा : समोर उजेडात उभे राहून, तोंड न झाकता, सावकाश बोलावे. हाताशी कागद व लेखणी ठेवावी. नाव पुकारण्याबरोबरच क्रमांकाची पाटी दाखवावी. 'नंतर सांगतो' असे म्हणून टाळू नये. दुभाष्या आणण्याची मुभा द्यावी, आणि वैद्यकीय बाबतीत लहान मुलाला दुभाष्या करू नये. ख्रिस्ती रुग्णालयांच्या चालकांनी आपल्या कर्मचाऱ्यांपैकी निदान दोघांना सांकेतिक भाषेचे शिक्षण द्यावे. मंडळीतील एखाद्या कर्णबधिर सभासदाला कचेरीत जावयाचे असेल तर त्याची इच्छा विचारून त्याच्यासोबत जावे. नीतिसूत्रे ३१:८ मुक्यासाठी मुख उघडण्यास सांगते. त्याचा अर्थ त्याचे मुख बंद करून आपणच बोलत राहावे असा नव्हे.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कार्यालाही ही हाक आहे. अमेरिकन सांकेतिक भाषेत संपूर्ण शास्त्राचे दृश्य भाषांतर २०२० साली पूर्ण झाले. जी भाषा देवाचे वचन वाहून नेऊ शकते, ती रुग्णालयाच्या खिडकीपाशी क्षुल्लक कशी ठरेल?

मननासाठी प्रश्न

१. आपल्या कामाच्या ठिकाणी ऐकू न येणारी व्यक्ती एकटी आली, तर तिचे काम आज कोणत्या टप्प्यावर अडेल?

२. आपल्या परिचयातील कर्णबधिर व्यक्तीविषयी आपण इतरांशी जितके बोलतो, तितके तिच्याशी बोलतो काय?

३. आपल्या उपासनेत ती केवळ उपस्थित असते, की सहभागी होते?

खिडकीपलीकडच्या मनुष्याला आपले शब्द ऐकू गेले नाहीत, म्हणून ते हवेत विरले असे नाही. ज्याने कान घडविला तो ऐकत असतो. त्याचे भय धरून आपल्या शब्दांत आणि वागण्यात खरे वजन व खरे माप राखण्यास तो आपणांस साहाय्य करो. आमेन.