रक्तातील पहारेकरी

पावसाळा सरला, की मालेगावात मोसम नदीच्या पात्रात जागोजागी पाण्याची डबकी उरतात. अशा स्वच्छ, साचलेल्या पाण्यात ॲनाफिलिस जातीचे डास वाढतात. त्यांची मादी हिवतापाचे जंतू रोग्याकडून निरोग्याकडे नेते. परंतु ज्यास हा ताप वारंवार येऊन गेला, तो मनुष्य पुढे त्यास सहसा बळी पडत नाही. त्याचे रक्षण कोण करते?

या प्रश्नाचे उत्तर मुक्या प्राण्यांच्या साहाय्याने मिळाले. १९३२ साली नोल्स व दासगुप्ता या शास्त्रज्ञांनी कलकत्त्यास माकडांच्या हिवतापाचा अभ्यास केला. हे जंतू सिंगापूरहून आलेल्या माकडात सापडले होते. तिकडील माकडांस त्यांपासून सौम्य ताप येई. आपल्याकडील तांबड्या तोंडाची माकडे मात्र दगावत. पुढे १९३७ साली अमेरिकेत कॉगेशॉल व कुम यांनी या रोगातून वाचलेल्या माकडांचे रक्त घेतले. त्यातील पेशी वेगळ्या करून उरलेले पिवळसर रक्तजल त्यांनी बाधा झालेल्या माकडांस टोचले. तेव्हा रोगाचा जोर ओसरला! पहारेकरी रक्तजलातच होते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात.

माणसातही असेच घडते काय? १९६१ साली आफ्रिकेतील गाम्बिया देशात प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे आजारी बालकांस टोचली. थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तातील जंतू झपाट्याने घटले.

परंतु प्रत्येक बालकासाठी दुसऱ्याचे रक्त कोठून आणावे? त्याच्याच शरीरास पहारेकरी घडविण्यास शिकविले पाहिजे. १९६७ साली रूथ नुसेन्झवाईग या विदुषीने डासांतील जंतू क्ष-किरणांनी दुबळे करून उंदरांस टोचले. पुढे जोमदार जंतू टोचले, तरी पुष्कळ उंदरांस बाधा झाली नाही. त्या जंतूंच्या आवरणावरील एका प्रथिनाच्या अंशापासून ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनी 'आर२१' ही लस सिद्ध केली. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि २०२४ पासून ती आफ्रिकेतील बालकांस मिळू लागली.

तरीही लस म्हणजे अभेद्य तट नव्हे. डबकी बुजविणे व मच्छरदाणी वापरणे हे आपले कर्तव्य उरतेच. आणि ज्या मुक्या जीवांनी हे ज्ञान मिळवून दिले, त्यांचे ऋण मानवाने विसरू नये.

स्वाध्याय
१. रक्षण करणारे द्रव्य रक्तजलात आहे, हे कशावरून कळले?
२. प्रतिपिंडे टोचणे व लस टोचणे यांत काय फरक आहे?