खडखड ऐकून पार्ट घेऊ नकोस

चि. ओंकार,



स्पीडब्रेकरवर पुढून खट् आवाज येतो म्हणून सफारीचं पुढचं सगळं सस्पेन्शन सुट्टीत स्वतःच बदलायचं तू ठरवलंयस. बदल, माझी ना नाही. पण तुझी पार्टची लांबलचक यादी वाचून विचारावंसं वाटतं, यातलं नेमकं झिजलंय काय? यादी तू आवाजावरून केली आहेस, आणि आवाज चेसिसमधून फिरून येतो. डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो. हाताला प्ले लागल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. दुकानदार तर पूर्ण किटच घ्या म्हणणार, त्याचा तो धंदाच आहे.

तुझी गाडी २००७ची डायकॉर. तिला पुढे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे: चेसिसला समांतर जाणारी पोलादी कांब, जी पिळून गाडीचं वजन पेलते. २०१२च्या स्टॉर्ममध्ये कॉइल आली, तेव्हा स्टॉर्मचे व्हिडिओ बघून हिच्यावर हात चालवू नकोस.

बार ज्या आर्मला जोडलाय, त्याच आर्मच्या बॉल जॉइंटवर वजन येतं. तो ताण उतरल्याशिवाय प्ले कळत नाही. म्हणून तपासताना जॅक चेसिसखाली न लावता त्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लाव. चाक वर-खाली धरून हलव. हललं, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, तर दोष व्हील बेअरिंगचा. राहिला, तर बॉल जॉइंट किंवा आर्मचे बुश. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलव, तिथे टाय रॉड एंड बोलतो. प्रत्येक जॉइंटचं रबरी बूटही बघ. ते फाटलं की पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बॉल गंजतो. तिथे आज प्ले नसला तरी तो जॉइंट बदलच. स्टॅबिलायझरच्या लिंकचे बुश सगळ्यात स्वस्त, पण लहान खड्ड्यांवरची निम्मी खडखड त्यांचीच असते. सुरुवात तिथून कर.

आता खोलण्याचं. गाडी कधीही नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. चेसिसखाली दोन्ही बाजूंना स्टँड हवेत, विटा किंवा चिरे चालणार नाहीत. तुमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत, ते दबतात. स्टँडखाली जाड फळी टाक. मागच्या चाकांना ठोकळे लाव.

बॉल जॉइंट सोडण्याआधी टॉर्शन बारचा पीळ उतरवायचा. अ‍ॅडजस्टिंग बोल्टचे आटे बाहेर किती दिसतात ते मोजून लिहून ठेव, बार आणि आर्मवर मिळून रंगाची एक खूण कर, मग बोल्ट सावकाश ढिला कर. डावा बार उजवीकडे बसवू नकोस, दोन्हींचा पीळ उलट असतो. जॉइंटचा नट पूर्ण काढू नकोस, दोन-तीन आट्यांवर राहू दे. मग नकलच्या कानावर बाजूने हातोडी मार. जॉइंटचा निमुळता दांडा सुटला की आर्म उसळेल, पण नट त्याला अडवेल. हातोडी आट्यांवर कधीच मारायची नाही. बसवताना स्प्लिट पिन नवीन घे. पिनचं भोक जुळलं नाही, तर नट मागे न घेता थोडा पुढे कस.

सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात त्या बुशमध्ये, आणि त्याही काम झाल्यावर. रबरी बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि आर्म हलताना रबर पिळतं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट कसलास, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकरच फाटतो. म्हणून आर्मचे बोल्ट आधी नुसते बसते कर. पीळ मूळ मापावर आण, चाकं लाव, गाडी खाली घेऊन दोन-चारदा दाब आणि तिच्या स्वतःच्या वजनावरच टॉर्क पान्याने कस. टॉर्कचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधला घे, कुणी तोंडी सांगितलेला नको. वरच्या आर्मच्या बोल्टांपाशी पत्र्याच्या शिम निघाल्या, तर कुठून किती निघाल्या ते लिहून तशाच परत घाल.

शॉकअपमधून तेल गळत नसेल आणि दाबून सोडल्यावर गाडी डुलत राहत नसेल, तर ते यादीतून खोड.

थोडी चालवून आणलीस की सपाट जागी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंची उंची मोज आणि फरक अ‍ॅडजस्टिंग बोल्टने काढ. अलाइनमेंट त्यानंतरच, कारण उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. अलाइनमेंटवाल्याच्या कागदाचा फोटो मला पाठव. डाव्या-उजव्या कास्टरमध्ये फार फरक निघाला, तर शिम पुन्हा बघू.

तुझा,
मामा